न केलेल्या कामाचं देणं

घडीच्या झाकणाची आतली बाजू मालकाला सहसा दिसत नाही. ती पाहतो घडीसाज. आणि तो तिथं जे लिहितो तेही पुढच्या घडीसाजासाठी: सुईच्या टोकानं पोलादावर ओढलेलं साल, सहीचं एखादं अक्षर, काही बदललं असेल तर त्याची खूण. माझी जुनी सिको फाइव्ह विकायला काढली तेव्हा घेणाऱ्यांनी आतले फोटो मागितले, म्हणून मी झाकण फिरवून उघडलं. आत एकाखाली एक सालं कोरलेली होती. ७९, ८१, ८६, ९१, ९७, २००३. प्रत्येक सालापुढं उर्दूतलं एकच अक्षर. शेवटच्या ओळीतलं अक्षर जरा हललेलं.

ते अक्षर नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या कंधारच्या उस्तादांचं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना छापून आलेलं नाव आवडलं नसतं; दुकानालासुद्धा त्यांनी कधी पाटी लावली नाही. बाजारातल्या एका बोळात लाकडी फळ्यांचं दुकान, दर्शनी भागात काचेची पेटी, पेटीमागं मान खाली घातलेले उस्ताद आणि त्यांच्या डाव्या डोळ्यात रुतलेलं भिंग. हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्यात उरुसाला आलेली माणसं जाताना त्यांच्याकडे घडी टाकून जात आणि पुढच्या उरुसाला घेऊन जात. वर्षभर घडी त्या पेटीत टिकटिकत असे. पावती नाही, चिठ्ठी नाही.

त्या काळी आमच्याकडे घडी म्हणजे एचएमटी. बंगळुरूचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं उभा राहिला, त्यामुळं लग्नात जावयाच्या मनगटावर बांधलेली जनता काय किंवा पायलट काय, तिच्या मशीनची मूळ आखणी जपानीच. पण हे फक्त उस्तादांना ठाऊक. बाकी गावाला जपानी म्हणजे सिको, आणि सिको म्हणजे जिद्दा-रियाधहून आलेला माणूस. आखातात मजुरीला गेलेली पोरं सुट्टीवर येताना मनगटावर एक आणि खिशात दोन घड्या घालून यायची. त्यांतली एखादी बहिणीच्या लग्नापायी नाहीतर घराच्या पत्र्यापायी विकली जायची. विकायचं ठिकाण उस्तादांचं दुकान.

माझे वडील शाळामास्तर. जन्म १९३१ चा, म्हणजे शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूतून. १९४८ नंतर राज्य बदललं, शाळा मराठी झाली, वडील मराठीतून शिकवू लागले, पण हिशेब मात्र मरेपर्यंत उर्दूतच पुटपुटत. इंग्रजी त्यांना येत नसे. आमच्या कंधारचे भाई केशवराव धोंडगे ७७ साली लोकसभेवर निवडून गेले, त्यानंतर दोनेक वर्षांनी वडिलांनी ही घडी घेतली. घेण्याचं खरं कारण मला बरंच नंतर समजलं. सौदीच्या बाजारासाठी काढलेल्या या सिकोत वाराच्या खिडकीत दोन लिपी असतात. हवी ती ठेवायची: इंग्रजी किंवा अरबी. उस्तादांनी ती अरबीवर ठेवून वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाले, “मास्तरसाब, वाचा.” वडिलांनी अक्षर लावून वाचलं, ‘अल-खमीस.’ गुरुवार. आयुष्यात पहिल्यांदा एक परदेशी वस्तू त्यांना वाचता येत होती. त्यानंतर किंमत विचारण्यात अर्थ नव्हता.

तरी ती विचारली गेली, आणि उस्तादांनी किंमत सांगण्याआधी दोष सांगितले. मी तेव्हा शेजारी उभा होतो, तरुण होतो, हा काय वेडेपणा असं मला वाटलं. काच बदललेली आहे, मूळची नाही. आठवड्याला दोन मिनिटं पुढं जाते. डायलवर चारच्या खाली पाण्याचा बारीक डाग आहे; जिद्द्याच्या दमट हवेत लागला असावा. पाण्याला घाबरत नाही असं कंपनी म्हणते, पण चावी ओल्या हातानं ओढू नका. आणि हिला किल्ली देता येत नाही. मनगट हललं तर भरेल, खुंटीला टांगली तर दोन दिवसांत थांबेल. एवढं सांगून झाल्यावर किंमत. ती वडिलांच्या दीड पगाराएवढी होती.

विकणारा पोरगा पंधरवड्यात परत जाणार होता आणि त्याला रोख हवे होते. वडिलांकडं रोख नव्हते. व्यवहार तरी झाला. कसा, ते आईनं मला वडील गेल्यावर सांगितलं: उस्तादांनी सगळी रक्कम आपल्या गल्ल्यातून त्या पोराला दिली आणि वडिलांकडून महिन्याच्या महिन्याला घेतली. दलाली म्हणून काहीच नाही. झाकणाच्या रबरी वॉशरचे तेवढे पैसे लावले. ७९ ची खूण त्या दिवसाची.

हे पैशाचं ऋण, आणि ते फिटलं. वडिलांनी पै-पै चुकवली. मला सांगायचं आहे ते दुसरंच.

सिको फाइव्ह ही मालिका जपानमध्ये १९६३ साली निघाली. किंतारो हात्तोरी यांनी १८८१ मध्ये तोक्योत घड्याळांचं दुकान टाकलं तेव्हापासूनची ही कंपनी. पुढं तिचे वेगवेगळे कारखाने झाले आणि ते एकमेकांशीच ईर्ष्येनं घड्याळं काढू लागले. माझ्या घडीतलं मशीन ६११९, ते सुवाच्या कारखान्यातलं. सुवा हे नागानो प्रांतातलं तळ्याकाठचं गाव. कंधारलाही राष्ट्रकूटांच्या वेळचं जगत्तुंग सागर तळं आहे, म्हणून मला उगीचच ते गाव ओळखीचं वाटतं. सुवावाल्यांनी १९५९ मध्ये एक साधी युक्ती काढली होती, तिला ते मॅजिक लिव्हर म्हणतात. आतलं वजन डावीकडं फिरो की उजवीकडं, स्प्रिंग भरतेच, आणि त्यासाठी भाग अगदी थोडे लागतात. कमी भाग, म्हणून कमी बिघाड, म्हणून स्वस्त. ही घडी सामान्य माणसासाठीच होती. झाकणावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ४ आणि २. सिकोच्या पद्धतीत पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा. म्हणजे १९७४ चा फेब्रुवारी.

आता हौशी लोक अशा घडीत नेमकं काय पाहतात? ती किती चकचकते हे नाही. डायलच्या खालच्या कडेला, भिंगानंच दिसेल असा, एक क्रमांक छापलेला असतो. तो झाकणावरच्या मॉडेल-क्रमांकाशी जुळतो का. काटे त्याच जातीचे आहेत का. केसच्या कडा धारदार आहेत की घासून गोल झाल्यात. आणि सगळ्यांत आधी, डायल कंपनीचं आहे की रंगवलेलं.

कारण आपल्या देशात जुन्या सिकोंचं काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. हजारो घड्यांची डायलं खरवडून पुन्हा रंगवली गेली. मोरपंखी, भगवी, तांबडी, वर चांदणीचा चमचमाट आणि कंपनीचं नाव किंचित वाकड्या अक्षरांत. आत एका घडीचं मशीन, दुसरीचे काटे, तिसरीची केस. परदेशातले हौशी अशा घडीला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. मला त्या कारागिरांचा राग नाही. गिऱ्हाइकाला नवी घडी परवडत नव्हती, त्याला नवी दिसणारी घडी हवी होती, त्यांनी ती दिली. पण एकदा खरवडलेलं डायल परत येत नाही. त्यामुळं आज हिंदुस्थानातून निघालेली सिको म्हटली की घेणारा आधी संशय घेतो, मग बोलतो.

माझ्या घडीचंही तेच व्हायचं होतं. ८६ साली माझं लग्न ठरलं. मी एसटीत कंडक्टर लागलो होतो आणि वडिलांना घडी मला द्यायची होती, पण नवी करून. चारखालचा डाग एव्हाना पसरून वाटाण्याएवढा झाला होता, काट्यांतला अंधारात उजळणारा मसाला काळा पडला होता. नांदेडला एक जण हैदराबादहून डायल रंगवून आणून देत असे. आठ दिवसांचं काम. वडील उस्तादांकडं गेले ते फक्त घडी त्याच्याकडं पाठवायला सांगण्यासाठी. उस्तादांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “दाग है, ऐब नहीं. रहने दो.”

वडील चिडले. लग्नातली भेट, पाहुणे बघणार, डागाळलेली घडी कशी द्यायची? उस्ताद म्हणाले, मास्तरसाब, दुसरीकडं न्यायची असेल तर न्या, घडी तुमची आहे, मी करणार नाही. वडिलांनी ती दुसरीकडं नेली नाही. एवढी वर्षं वेळ सांगणाऱ्या माणसाचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं, असं काहीतरी ते घरी पुटपुटले. उस्तादांनी मशीन खोलून पेट्रोलनं धुतलं, तेल घातलं, काच बदलली, वॉशर बदलला. पैसे तेवढ्याचेच घेतले. मांडवात माझ्या मेव्हण्यानं विचारलं, “ही जुनीच दिली काय?” त्याच्या हातात कोरी एचएमटी क्वार्ट्झ होती.

मग पाच वर्षांनी मुखेड रस्त्यावर ड्रायव्हरनं म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला, मी तोल जाऊन दांड्यावर आदळलो आणि घडी थांबली. बॅलन्स स्टाफ, म्हणजे डुलणाऱ्या चाकाचा बारीक आस, मोडला होता. सिकोनं धक्क्यापासून बचावाची सोय केलेली असते, पण धक्का धक्क्यासारखा असावा. यावर सोपा उपाय होता, आणि तो सगळेच करत: दुसऱ्या कुठल्या सिकोचं चालू मशीन टाकायचं. तासाभराचं काम, स्वस्तही. उस्तादांनी तेही केलं नाही. ६११९ चाच स्टाफ हैदराबादहून येईल म्हणाले. तो आला काही महिन्यांनी. तोवर कंडक्टरनं घडीशिवाय काय करायचं? त्यांनी स्वतःच्या मनगटावरची एचएमटी काढली, पट्ट्याला एक जादा भोक पाडलं आणि माझ्या हातावर बांधली. “ड्यूटी की चीज है, बेटा.” त्या महिन्यांत ते दुकानात कुणी वेळ विचारली की पेटीतल्या पंधरा-वीस घड्यांकडं बोट दाखवायचे. कुठली खरी ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि त्यांनी केस कधी घासली नाही. बफच्या चाकावर धरली की ओरखडे जातात, घडी आरशासारखी होते, गिऱ्हाईक खूश होतं. पण ओरखड्याबरोबर पोलादही जातं, कडा वितळल्यासारख्या गोल होतात, आणि जपानी कारागिरानं काढलेली रेष संपते. हे त्यांनी मला कधी समजावून सांगितलं नाही. मी आता इतकी वर्षं घड्या गोळा करतोय, परभणी-लातूर-नांदेडच्या हौशी लोकांत बसतोय, म्हणून मला उमगलं. घडीवर ओरखडे भरपूर आहेत, पण कडेला बोट लावलं तर अजून टोचते.

उस्तादांनी माझ्यासाठी जे काम केलं त्याचे पैसे मी वेळच्या वेळी दिले. जे केलं नाही त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. न रंगवलेलं डायल, न बदललेलं मशीन, न घासलेली केस: यातल्या प्रत्येक कामाचे त्यांना पैसे मिळाले असते, आणि त्या दिवसांत पैशाची गरज त्यांना नव्हती असं नाही. पोरं शिकत होती. धंदाही उतरणीला लागला होता. आणि तो उतरवलाही सिकोनंच. २५ डिसेंबर १९६९ ला त्या कंपनीनं जगातली पहिली क्वार्ट्झ मनगटी घडी तोक्योत विकायला ठेवली. ती लाट आमच्यापर्यंत यायला वीस वर्षं लागली, पण आली. १९८४ मध्ये निघालेल्या टायटननं क्वार्ट्झ घराघरांत पोचवलं. मग सेल बदला आणि चला. उस्तादांच्या पेटीत तेल घालायच्या घड्या कमी, सेल टाकायच्या जास्त झाल्या. ते सेल टाकून देत, पण त्या झाकणांच्या आत त्यांनी कधी सही केली नसावी. २००३ नंतर त्यांचा हात थरथरू लागला आणि त्यांनी दुकान बंद केलं. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायचं ठरवलं, ती बातमी ऐकायला ते नव्हते.

मी वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. घडी विकायची ठरवली ती पैशासाठी नव्हे. माझं मनगट आता सुजतं, चेन बसत नाही. मुलगा मनगटावर फोनचाच लहान भाऊ बांधतो, त्यात त्याला ठोकेही दिसतात आणि पावलंही. किल्ली देता न येणारी घडी कपाटात पडून राहिली की आतलं तेल चिकट होतं. तिला हलणारा हात पाहिजे. आमच्या हौशी मंडळींना सांगितलं. नांदेडला वजिराबादच्या एका हॉटेलात आम्ही अधूनमधून जमतो, प्रत्येकाच्या रुमालात दोन-चार घड्या. समोर कुणी भाव बोलत नाही. रात्री एकेकाचा फोन येतो. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत बैल विकताना उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात ना, तसंच.

मी उस्तादांच्या रीतीनं आधी दोष सांगितले. डाग आहे. काच मूळची नाही. उजेडाचा मसाला मेलाय. ९१ साली स्टाफ बदललाय. चेन नंतरची आहे. फोन करणाऱ्या एका व्यापारी हौशी माणसानं हे सगळं ऐकून सगळ्यांत चढा भाव दिला आणि म्हणाला, काका, डायलचं टेन्शन घेऊ नका, ते मी करून घेतो, परदेशात पाठवायचीय. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार कसला करायचा होता? दुसरा एक हैदराबादचा इंजिनिअर. त्याला फक्त अरबी वाराची चकती हवी होती, बाकी घडी तो सुट्या भागांसाठी ठेवणार होता. तो खरं बोलला, म्हणून त्याचा राग आला नाही. पण नाही म्हणालो.

तिसरी लातूरची एक मुलगी. दवाखान्यात काम करते, पगारातून जुन्या सिको जमवते. तिचा भाव सगळ्यांत कमी. एसटीनं कंधारला आली, ओसरीवर बसून भिंग लावलं आणि चहा थंड होईपर्यंत बोलली नाही. मग विचारलं, “काका, हे आतलं अक्षर कुणाचं?” मी सांगितलं. तिनं झाकणाचा फोटो घेतला, एक एक साल मला विचारून वहीत उतरवलं. कधी काय झालं, कुठला भाग, कुणी. ती काही माझ्या गोष्टीनं विरघळली नव्हती. लगेच पुन्हा भावावर आली आणि चेन मूळची नाही म्हणून आणखी तीनशे कमी करायला लावले. मला ते आवडलं. डाग दाखवून पैसे कमी करायला मात्र ती बोलली नाही. जाताना तिनं वार लावला. इंग्रजीवर लावावा असं मी सुचवलं. “राहू दे काका,” म्हणाली, “मी शिकून घेईन.”

त्या पैशांतले निम्मे घेऊन मी उस्तादांच्या मुलाकडं गेलो. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच बोळात. भिंग तेच वापरतो, पण त्याच्या खाली आता फोनच्या पाट्या असतात. मी पाकीट पुढं केलं, कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पाकीट परत माझ्या खिशात घातलं. “अब्बांनी काम केलं नाही त्याचे पैसे मी कसे घेऊ?” मग जिन्याखालून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. उस्तादांचं सामान. लहान लहान कागदी पुड्या, प्रत्येकीवर उर्दूत मशीनचा नंबर: स्टाफ, स्प्रिंगा, चावीचे दांडे, वॉशर. त्याला त्यांचा उपयोग नव्हता आणि भंगारात देववत नव्हतं. मला उर्दू येत नाही, पण आकडे कळतात. डबा मी घेतला, पाकीट त्यानं घेतलं नाही. मग ते पैसे त्याच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांच्या नावानं मी जबरदस्तीनं तिथंच पेटीवर ठेवले आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी त्यातले अर्धे त्यानं घरी आणून दिले. इथं आमची तडजोड झाली.

डब्यातल्या पुड्यांचा भाव मी ठरवला नाही. ज्याची घडी त्या भागावाचून अडली असेल त्याला देतो, टपालखर्च त्याचा. अट एकच, भाग बदलला की झाकणाच्या आत साल कोरायचं. परवा अहमदपूरहून फोन आला. एका निवृत्त ग्रामसेवकाची सिको, ६११९ च, स्टाफ मोडलेला, आणि दुकानदार म्हणतो मशीनच बदला. मी डबा उघडून पाहिलं. त्या नंबरच्या पुडीत अजून दोन होते.

“आहे,” म्हटलं. “मशीन बदलू देऊ नका. पत्ता सांगा.”